ईपीएबीएक्स काढून आयपी फोन घेतले: सहा महिन्यांनंतर

आमच्या संस्थेचा टेलिफोन बोर्ड मी सांभाळते. सहा महिन्यांपूर्वी आम्ही जुना ईपीएबीएक्स (संस्थेतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारी यंत्रणा) काढून आयपी फोन, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून चालणारे फोन, घेतले. पूर्वी कुणाची जागा बदलली की तारांची जोडणी नव्याने करावी लागायची. आता फोन उचलून दुसऱ्या टेबलावर लावला की एक्स्टेन्शन नंबर त्याच्यासोबत जातो.

खरा फरक आवाजात आहे. जुन्या लाइनवर 300 ते 3400 हर्ट्झ एवढंच ऐकू यायचं, ‘स’ की ‘फ’ कळायचं नाही, नावं दोन-दोनदा विचारावी लागायची. नव्या फोनमधल्या जी.722 कोडेकमुळे (आवाजाचं डिजिटल रूपांतर करण्याची एक पद्धत) 7000 हर्ट्झपर्यंतचा आवाज येतो. निदान आतल्या आत केलेले कॉल तरी समोर बसून बोलल्यासारखे वाटतात. दिवसभर कानाला फोन असणाऱ्यालाच याची किंमत कळेल!

पहिला आठवडा मात्र फार त्रासाचा गेला. कुणी मोठी फाइल उतरवायला घेतली की बोलणं तुटायचं. एका कॉलला जेमतेम 90 केबीपीएस (सेकंदाला 90 हजार बिट) लागतात, म्हणजे इंटरनेटचा वेग कमी नव्हताच. आवाजाला प्राधान्य देण्याची सेटिंग केलेली नव्हती. ती केली, फोनसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र भाग) केलं आणि प्रश्न मिटला. पुरवठादाराने हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

घेणार असाल तर नेटवर्क स्विच (फोनच्या नेटवर्क केबल जिथे जोडतात ते उपकरण) यूपीएसवर घ्याच. फोनला वीज स्विचकडून त्याच नेटवर्क केबलमधून मिळते, त्यामुळे वीज जाऊन स्विच बंद पडला की फोनही बंद.