बंगल्यामागचा स्विमिंग पूल: आरसीसी की तयार फायबर, आणि पैसा कुठून?

कर्जत, मुळशी, पानशेत, अलिबाग या पट्ट्यात बंगल्यामागे २० बाय १० फुटांचा, ४ फूट पाण्याचा पूल घालायचं मनात आलं की हातात दोन प्रकारची कोटेशनं येतात. एक आरसीसीत, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, बांधून टाइल लावून देणाऱ्याचं, दुसरं ट्रेलरवरून तयार फायबरचा साचा आणून खड्ड्यात बसवणाऱ्याचं. स्टीलच्या पॅनेलवर व्हायनिल लायनर हा तिसरा प्रकारही मिळतो. पण लायनर काही वर्षांनी बदलावं लागतं आणि ते नीट बसवणारा माणूस तालुक्याच्या गावी सहज सापडत नाही, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो. आमच्याकडे फायबरचा आहे. तो का घेतला, आणि कुणी तो घेऊ नये, दोन्ही सांगतो.

आधी कोटेशनबद्दल. फायबरवाल्याचा आकडा पहिल्या नजरेत आरसीसीपेक्षा खूपच कमी दिसतो. तो तेवढा कमी नसतो. ४.५ ते ५.५ लाखांत साचा आणि फिल्टर येतो. वाहतूक, क्रेन, खोदाई, खालचा बेड, बाजूची भरणी, वरची रिंग बीम (काठाभोवतीचा काँक्रीटचा पट्टा) आणि कोपिंगचा, म्हणजे काठावरचा, दगड हे सगळं 'ग्राहकाच्या कक्षेत' असं शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं. ते धरलं की जीएसटीसकट ६.२ ते ७.२ लाखांपर्यंत जातं. त्याच मापाचा आरसीसी, साध्या स्किमरचा (स्किमर म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं भिंतीतलं तोंड), ७.५ ते ८.५ लाखांत होतो. चहूबाजूंनी पाणी वाहणारा ओव्हरफ्लो हवा असेल तर बॅलन्सिंग टँक (ते सांडलेलं पाणी धरणारी टाकी) वेगळी बांधावी लागते आणि खर्च आणखी वर जातो. घरच्या पुलाला स्किमर पुरे. आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्याकडे थोडे वरखाली होतील, पण दोन्हींतला फरक लाख-सव्वा लाखाच्या आसपासच राहतो. निव्वळ स्वस्त म्हणून फायबर घेऊ नका.

हा फरक खोदाईपासून सुरू होतो. आरसीसीला भिंतीबाहेर शटरिंगवाल्याला उभं राहायला दोन-दोन फूट जागा लागते, म्हणून खड्डा २६ बाय १६ आणि साडेपाच फूट खोल, म्हणजे साधारण २३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). फायबरला २२ बाय १२ बाय ५ पुरतं, म्हणजे १३ ब्रास. मुरूम असेल तर जेसीबीचं दोन दिवसांचं काम. पण तीन फुटांवर काळा पाषाण लागला की ब्रेकर लावावा लागतो, तो तासावर चालतो, आणि मग हा दहा ब्रासचा फरक खिशाला जाणवतो. आधी एक चाचणी खड्डा घ्याच, आणि तोही पुलाच्या खोल टोकाला.

आरसीसीत खाली ४ इंच पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), वर ८ इंच राफ्ट (तळाचा स्लॅब), ८ इंच भिंत. काँक्रीट साधारण साडेदहा घनमीटर, सळई हजार-अकराशे किलो, १० एमएमची दुहेरी जाळी ६ इंचावर. पाणी साठवणाऱ्या बांधकामाला आयएस ३३७० हे भारतीय मानक लागू होतं आणि आरसीसीला किमान एम ३० ग्रेड लागते. कोटेशनमध्ये एम २० दिसलं तर तिथेच थांबवा. टाइलचं क्षेत्रफळ ४७० चौरस फूट निघतं. ५०० मागवा आणि त्याच बॅचचे दोन बॉक्स जादा ठेवा. त्या दोन बॉक्सचं कारण पुढे येतं.

पाणी कुठून जातं

माझा निर्णय एकाच गोष्टीवर झाला: गळती. पूल गळतो म्हटलं की लोकांना भिंतीला पडलेली चीर आठवते. काँक्रीट नीट भरलं असेल तर चीर सहसा कारण नसते. पाणी जातं ते भिंतीतून पाइप जिथे आरपार निघतो तिथून: रिटर्न इनलेट (फिल्टरमधून पाणी परत येतं ते तोंड), मेन ड्रेन (तळाचा निचरा), दिव्याचा डबा, स्किमरचं तोंड. पीव्हीसी गुळगुळीत, काँक्रीट त्याला धरत नाही, आणि दोघांच्या मध्ये केसाएवढी फट राहते. म्हणून पाइपाभोवती पडल फ्लँज लागतो. ही पाइपावर पक्की बसवलेली कॉलर असते, ती भिंतीच्या जाडीच्या बरोबर मध्ये यायला हवी. पाइपालगत सरळ आलेलं पाणी त्या कॉलरपाशी अडतं.

हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चुकतं, कारण भिंत भरायच्या दिवशी फिल्टरवाला साइटवर नसतो. त्याची ऑर्डर अजून निघालेली नसते, इनलेट किती आणि कुठे हे ठरलेलं नसतं. सिव्हिलवाला भिंत भरून मोकळा होतो. महिन्याभराने प्लंबर येतो, कोअर मशीनने भोक पाडतो, पाइप घालतो, भोवती ग्राउट भरतो. फ्लँज येतच नाही. वर वॉटरप्रूफिंगचे दोन कोट, गिलावा, टाइल, सगळं देखणं होतं. पाणी भरल्यावर पंधरा दिवसांत पातळी उतरू लागते. सिव्हिलवाला म्हणतो पाइपाचं काम माझं नव्हतं. फिल्टरवाला म्हणतो भिंत माझी नव्हती. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो माझ्या कोटानंतर भिंतीला हात लावला. तिघांचंही थोडंथोडं खरं असतं, आणि दुरुस्ती मात्र तुमच्या पैशाने होते. आणखी एक चोरवाट म्हणजे शटरिंगच्या दोन फळ्या ताणायला भिंतीतून आरपार घातलेले टाय. ते काढल्यावर उरलेली भोकं वाळू-सिमेंटने बुजवली जातात आणि नंतर पाझरतात. राफ्ट आणि भिंतीच्या सांध्यात पीव्हीसी वॉटर स्टॉप (सांध्यातलं पाणी अडवणारी पट्टी) घालायचं मात्र आता बहुतेकांच्या अंगवळणी पडलंय.

गळती खरी की बाष्पीभवन, हे आधी ठरवा. पायरीवर बादली ठेवा, ती पुलाच्या पाण्यानेच भरा, आतली-बाहेरची पातळी सारखी करून दोन्हीकडे मार्करने रेघ मारा. पंप बंद ठेवून २४ तासांनी बघा. दोन्हीकडे सारखं उतरलं तर ऊन. पुलात जास्त उतरलं तर गळती. मग पंप चालू ठेवून तेच परत करा. आता जास्त उतरलं तर दोष रिटर्न लाइनचा. पाणी उतरत उतरत एका पातळीवर थांबलं तर त्या पातळीवरचा इनलेट किंवा दिव्याचा डबा संशयित. पंप बंद करून, पाणी स्थिर झालं की त्याच्या तोंडाशी खायच्या रंगाचे चार थेंब सोडा. गळत असेल तर रंग आत ओढला जाताना स्पष्ट दिसतो. रोज इंचभर गळती म्हणजे या मापाच्या पुलातून जवळपास ४७० लिटर, आणि १०,००० लिटरचा टँकर तीन आठवड्यांत गेला.

आरसीसीत हे सापडलं तरी काम तिथून सुरू होतं. पूल रिकामा करायचा, इनलेटभोवतीच्या टाइल फोडायच्या, काँक्रीट चार इंच खोदायचं, पाण्याने फुगणारी पट्टी पाइपाभोवती गुंडाळायची, न आकसणारं ग्राउट भरायचं, वॉटरप्रूफिंगचा कोट जुन्या कोटावर चढवून घ्यायचा, मग टाइल. तोवर त्या बॅचची टाइल बाजारातून गेलेली असते, म्हणून ते दोन बॉक्स.

फायबरमध्येही इनलेट गळतो, गळत नाही असं नाही. फरक असा की तिथे भोक होल-सॉने पाडून दोन्ही बाजूंनी गॅस्केट आणि मागून चेकनट असतो, आणि बाजूची भरणी करताना आत पाणी भरत जावंच लागतं. बाहेर एक फूट कच (खडी फोडताना निघणारा बारीक चुरा), आत एक फूट पाणी, असं सारखं चढत जायचं. त्यामुळे नट मातीखाली जायच्या आधी त्याला पाणी लागतं, आणि गळत असेल तर ते तिथल्या तिथे दिसतं आणि पान्याने आवळता येतं. शिवाय बोट दाखवायला समोर एकच माणूस असतो. आमच्याकडे तीन पावसाळे झाले. मे महिन्यातसुद्धा आठवड्याला दोन-अडीच बोटांपलीकडे पाणी उतरत नाही, आणि तेवढं उन्हाचंच असावं.

फायबरचा खरा धोका

तो पावसाळ्यात असतो. २० बाय १० चा रिकामा साचा साधारण ७०० किलोचा. खाली फक्त २ इंच पाणी साचलं तर त्याची वर ढकलण्याची ताकद ९०० किलोच्या पुढे जाते. बाजूची भरणी आणि रिंग बीम थोडं धरून ठेवतात, पण फूटभर पाणी चढलं की साडेपाच टनांची ढकल येते आणि साचा उचलला जातो, पाइप तुटतात, कोपिंग फुटतं. आरसीसीचं वजन २६ टनांच्या घरात, म्हणून तो रिकामा असताना बाहेर साडेतीन फुटांपर्यंत पाणी चढेतो टिकतो. त्यापुढे तोही निश्चिंत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे, पण खोदाईच्या वेळीच करावा लागतो. खोल कोपऱ्याबाहेर बेडच्याही खालपर्यंत ६ इंची पाइप उभा घाला, खालच्या दोन फुटांत भोकं पाडा, जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) गुंडाळा, भोवती खडी टाका. वरून काठी घातली की जमिनीतलं पाणी किती चढलंय ते कळतं, आणि गरज पडली तर त्यातच छोटा पंप सोडता येतो. जून ते ऑक्टोबर फायबरचा पूल रिकामा करायचाच नाही, कितीही हिरवा झाला तरी. भातखाचराच्या कडेला, ओढ्याच्या काठाला किंवा पावसाळ्यात विहिरीचं पाणी काठाला लागतं अशा जागी मी फायबरचा आग्रह धरणार नाही.

बसवतानाच्या दोन चुका नेहमीच्या. बेड एका पातळीत नसेल तर तळावर चालताना पोकळ आवाज येतो आणि तिथे जेलकोटला (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला) बारीक चिरा जातात; ६ इंचाच्या बेडवर इंचभर वाळू लेव्हल पाइपाने तपासून पसरा. आणि खोदलेली काळी माती परत भरणीत टाकली तर ती पावसात फुगते आणि भिंत आत पोटासारखी येते. भरणीला कच, त्यात थोडं सिमेंट, एवढंच. तीन ब्रासचा मामला आहे, तिथे काटकसर करू नका.

साफसफाईत फायबर सोपा. टाइलच्या सांध्यांत शेवाळ धरतं तसं गुळगुळीत जेलकोटवर धरत नाही. दोन्हींत पाणी २२,६०० लिटर, १ एचपी पंप रोज सहा तास म्हणजे साडेचार-पाच युनिट, उन्हाळ्यात महिन्याला दीड किलोच्या आसपास टीसीसीए (पाणी शुद्ध ठेवणारं क्लोरीनचं रसायन). दिसायला मात्र आरसीसीची टाइल अनेक वर्षं तशीच राहते. फायबरचा निळा रंग उन्हाने फिकटतो.

पैसा

देण्याच्या पद्धतीत आरसीसी बरा. काम रनिंग बिलावर (जेवढं काम झालं तेवढंच बिल) चालतं, १० टक्के पाण्याच्या चाचणीपर्यंत हातात ठेवता येतात. फायबरवाला निम्मे आगाऊ आणि उरलेले साचा निघायच्या आधी मागतो. ५ टक्के बसवल्यानंतर महिन्याने, एवढं तरी घासाघीस करून लिहून घ्या.

कर्जाचं म्हणाल तर ७ लाखांचं उदाहरण घेऊ. चालू गृहकर्जावर टॉप-अप, ९ टक्के, १० वर्षं: हप्ता ८,८६७, एकूण व्याज सुमारे ३.६४ लाख. वैयक्तिक कर्ज, १३ टक्के, ५ वर्षं: हप्ता १५,९२७, व्याज सुमारे २.५६ लाख. दर चार टक्क्यांनी कमी असूनही टॉप-अप लाखभराने महाग पडतो, कारण मुदत. तोच टॉप-अप ५ वर्षांत फेडला तर हप्ता १४,५३१ आणि व्याज १.७२ लाख. म्हणून टॉप-अप घ्या, पण मुदत गृहकर्जाच्या उरलेल्या वर्षांशी जोडू देऊ नका. वैयक्तिक ग्राहकाच्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे मुदत लांब घेऊनही लवकर फेडता येतं, मनाचा हिय्या असेल तर. जागा बिगरशेती नसेल तर बहुतेक बँका टॉप-अपची फाइल पुढे नेत नाहीत. तिथे मुदतठेवीवरचं कर्ज बघा. ठेवीच्या दरावर साधारण एक-दोन टक्के जास्त, आणि कागदपत्रं जवळजवळ नाहीत.

कामाचा कालावधीही हिशेबात धरा. फायबर साइटवर पंधरा-वीस दिवसांत उरकतो. आरसीसीला क्युरिंग, आठवड्याची पाणी-चाचणी, टाइल असं करत अडीच-तीन महिने जातात, आणि टॉप-अपची रक्कम एकदम उचलली असेल तर हप्ता पहिल्या महिन्यापासून चालू होतो.

आरसीसी तरीही कुणी घ्यावा? १० फुटांपेक्षा रुंद, साडेपाच फूट खोल किंवा वेड्यावाकड्या जागेत बसणारा पूल हवा असेल त्याने. आणि ज्याच्या दारापर्यंत ट्रेलर येत नाही त्यानेही. वाहनाची कायदेशीर रुंदी २.६ मीटर आणि १० फुटी साचा ३ मीटरच्या वर, म्हणजे तो एका कडेवर तिरपा उभा करूनच येतो. गावातल्या अरुंद वळणावर, लोंबणाऱ्या विजेच्या तारेखाली अडकला तर मागे फिरवायलाही जागा नसते. गाडी येण्याआधी तो रस्ता टेप घेऊन चालत बघा. आरसीसीच ठरवला तर सिव्हिल आणि फिल्टर एकाच माणसाला द्या, आणि भिंत भरायच्या दिवशी प्रत्येक पाइपावर फ्लँज जाळीच्या मधोमध आहे ना, हे शटरिंगची दुसरी फळी लागायच्या आधी स्वतः बघून फोटो काढून ठेवा.