निळ्या बुचाची नळी : चिपळुणातील एका पॅथॉलॉजी लॅबचा अनुभव

गणपती चार दिवसांवर आले असताना अण्णांना ताप भरला. वय 71, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची जाळी) बसलेला, रोज अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका सेवेकडून आम्ही सीबीसी, म्हणजे रक्तातील पेशींची मोजणी, करून घेतली. सॅम्पल दुचाकीवरून दुपारभर हिंडले आणि रात्री मोबाइलवर रिपोर्ट आला : प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी, 38,000. दीड लाखाच्या खाली गेले की कमी मानतात, एवढे ठाऊक होते. आकड्यापुढे लाल बाण होता. बाकी एक अक्षर नव्हते. भातशेतीच्या दिवसांत कोकणात डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या दोन्हींची धास्ती असते आणि दोन्हींत प्लेटलेट उतरतात, त्यामुळे शेजारून पपईच्या पानांचा रस आला आणि डोंबिवलीहून भावाचा फोन आला की रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधी बंद करा.

आमच्या डॉक्टरांनी अण्णांच्या हिरड्या आणि पायांची कातडी निरखून पाहिली. रक्तस्रावाचा लाल ठिपका कुठेही नव्हता. गोळ्यांना हात लावायचा नाही, असे बजावून त्यांनी स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, पाहण्यासाठी बाजारपेठेतील या जुन्या लॅबकडे पाठवले.

लॅब पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद आहे. स्टेंटवाल्या म्हाताऱ्या माणसाला तो चढवताना माझ्याच छातीत धडधडत होते. रक्त घेणाऱ्या ताईंनी मात्र पहिल्या वाक्यातच विश्वास मिळवला : "काका, मूठ आवळू नका, हात सैल सोडा." त्यांनी नेहमीची जांभळ्या बुचाची नळी भरली आणि निळ्या बुचाचीही भरली. निळ्या नळीवरच्या रेघेपर्यंत रक्त येईस्तोवर त्या थांबून राहिल्या, कारण तिच्यात आधीपासून असलेल्या, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटच्या द्रावणाशी रक्ताचे प्रमाण नवास एक असेच असावे लागते.

थोड्या वेळाने पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला आत बोलावले आणि जांभळ्या नळीतील रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. रक्ताचा थर जिथे पंखाच्या टोकासारखा विरत जातो, त्या कडेला जांभळट दाण्यांचे पुंजके होते, खिचडीत साबुदाणा एकमेकांना धरून बसावा तसे. यंत्र प्लेटलेट ओळखते ती मुख्यतः आकारावरून; वीस-पंचवीस जणी एकत्र चिकटल्या की तो गठ्ठा त्याच्या हिशेबात प्लेटलेट म्हणून धरलाच जात नाही. जांभळ्या नळीतील ईडीटीए रक्त गोठू नये म्हणून त्यातील कॅल्शियम बांधून ठेवते. पण हजारात एखाद्याच्या रक्तात अशी प्रतिद्रव्ये असतात की कॅल्शियम गेल्यावर प्लेटलेटच्या पृष्ठभागाचा जो भाग उघडा पडतो त्याला ती धरतात, आणि नळी जितका वेळ पडून राहील तितके पुंजके वाढतात. शरीरात यातले काहीच घडत नसते. ईडीटीए नसलेल्या निळ्या नळीतील मोजणी 1,72,000 आली. द्रावणामुळे रक्त पातळ होते म्हणून ती 1.1 ने गुणून रिपोर्टवर 1,89,000 असे लिहिले.

चिकटणे हा प्लेटलेटचा दोष नव्हे, तो त्यांचा धंदाच आहे, असे मॅडम म्हणाल्या. निरोगी रक्तवाहिनीचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून त्यांना दूर ठेवते. अस्तर फाटले की खालचे कोलॅजन उघडे पडते, त्यावर वॉन विलेब्रांड फॅक्टर नावाचे प्रथिन बसते आणि त्याचे लांब धागे वेगाने वाहणाऱ्या प्लेटलेटना पकडतात. फिनलंडच्या एरिक वॉन विलेब्रांड या डॉक्टरांनी 1926 साली ऑलंड बेटांवरील एका कुटुंबातील रक्तस्रावाच्या आजाराचे वर्णन केले, त्यांचे हे नाव. स्टेंटचा उघडा धातूही प्लेटलेटना असाच परका वाटतो. अस्तर त्याच्यावर वाढून येईपर्यंत त्या चिकटू नयेत म्हणूनच दोन गोळ्या. अ‍ॅस्पिरिनने निकामी केलेली प्लेटलेट तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात पुन्हा सावरत नाही, कारण नवे प्रथिन घडवायला तिच्यात केंद्रकच नसते. नळीतल्या पुंजक्यांना भिऊन आम्ही स्टेंटवर खरे पुंजके होऊ दिले असते, हे मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळले, आणि डोंबिवलीचा फोन आठवून अंगावर काटा आला.

तक्रारी आहेत. दुसऱ्या नळीचे पैसे वेगळे लागतील हे आधी सांगितले नाही, रिपोर्ट सांगितल्या वेळेपेक्षा दीड तास उशिरा मिळाला, आणि बसायला एकच बाक आहे. मोबाइलवर रिपोर्ट पाठवण्याची सोय नावापुरती आहे. तरीही यंत्राचा आकडा खटकला की काच डोळ्याखाली घेणारे माणूस इथे आहे, आणि ज्यांच्या घरात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी त्यासाठी जिना चढावा. घरून सॅम्पल नेणाऱ्या सेवेकडे मी विचारणा केली तेव्हा "यंत्राने दिला तो आकडा" एवढेच उत्तर मिळाले.

अण्णांचा ताप तीन दिवसांत उतरला. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली होती. निघताना ताईंनी त्यांच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने लिहून दिले : "ईडीटीएत प्लेटलेट चिकटतात. निळी नळी घ्यावी, स्लाइड पाहावी." ती फाइल आता पेन्शनच्या पासबुकाबरोबर एकाच पिशवीत असते.