आई-बाबा, मोठी झालेली मुलं आणि छोटी क्रूझ: तीन रात्री की चार, समुद्र की नदी?

क्रूझ रात्रींवर विकली जाते आणि पहिला घोळ तिथेच होतो. तीन रात्रींच्या क्रूझमध्ये पूर्ण दिवस मिळतात दोनच. पहिल्या दिवशी दुपारी बारा-एकला चढायला सुरुवात होते, तपासणी आणि पासपोर्टमध्ये वेळ जातो, केबिन दीड-दोनला उघडते आणि मोठ्या बॅगा दारात यायला संध्याकाळ होते. शेवटच्या दिवशी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान जहाज सोडायचं. चार रात्री घेतल्या की पूर्ण दिवस होतात तीन, म्हणजे एका जादा रात्रीत दिवस दीडपट. बंदरापर्यंतचा प्रवास, विमा, व्हिसा, औषधांची जमवाजमव हे सगळं दोन्हीकडे तेवढंच.

शिवाय आई-बाबांचा पहिला दिवस जहाज समजून घेण्यातच जातो. पुढची लिफ्ट कुठली, मागची कुठली, जेवणघर आपल्या डेकच्या वर की खाली. दुसऱ्या दिवशी ते सरावतात, तिसऱ्या दिवशी रमतात, आणि तीन रात्रींच्या फेरीत त्याच संध्याकाळी बॅगा भरायची सूचना येते.

दुसरी बाजूही आहे. तीन रात्रींच्या फेऱ्या बहुधा शुक्रवार ते सोमवार असतात आणि चार रात्रींच्या सोमवार ते शुक्रवार. मुलांच्या नोकरीच्या हिशोबात दोन रजा विरुद्ध पाच रजा. पण शनिवार-रविवारच्या फेरीला गर्दीही तशीच असते: मित्रमैत्रिणींची टोळकी, रात्री दोनपर्यंत गाणी, पोहण्याच्या तलावाशी खुर्ची मिळायची मारामार. आठवड्यातल्या फेरीत तेच जहाज बरंच शांत असतं. पाच रजा मिळत असतील तर चार रात्रीच घ्याव्यात. तीन रात्री घ्यायला एक चांगलं कारण आहे. घरातलं कोणी कधीच समुद्रावर गेलेलं नसेल आणि बोट लागते का हे आधी बघायचं असेल, तर छोटी फेरी बरी.

पोट नाजूक की गुडघे?

कोणत्या प्रकारचं जहाज घ्यायचं हे याच प्रश्नावर ठरतं. बहुतेकांना वाटतं, वय झालं म्हणजे नदीतलं छोटं, शांत जहाज बरं. पोटासाठी हे खरं आहे, गुडघ्यांसाठी अनेकदा उलटं.

नदीत लाटा नाहीत, त्यामुळे बोट लागण्याची भीती जवळजवळ नाही. युरोपातल्या राईन-मेन-डॅन्यूब जलमार्गावरचे लॉक (पाण्याची पातळी बदलून जहाज वर-खाली नेणारे, दोन्हीकडे दरवाजे असलेले हौद) १२ मीटर रुंद आहेत, म्हणून तिथली जहाजं साधारण ११.४ मीटर रुंद आणि ११० किंवा १३५ मीटर लांब असतात. प्रवासी शंभर ते दोनशेच्या आत, जेवणघर एकच, बैठकीची जागा एकच. चालणं कमी, हरवण्याचा प्रश्न नाही. मात्र लिफ्ट बहुतेक वेळा वरच्या उघड्या डेकपर्यंत जात नाही आणि कित्येक जहाजांत सगळ्यात खालच्या डेकपर्यंतही नाही. स्वस्त केबिन नेमक्या त्याच खालच्या डेकवर असतात, छताजवळ न उघडणारी अरुंद खिडकी असलेल्या. काठावर जागा कमी असते म्हणून जहाजं एकाला एक लावून बांधतात. तुमचं जहाज तिसरं असेल तर दोन परक्या जहाजांच्या लॉबीतून, दोन उंबरे आणि दोन फळ्या ओलांडून काठावर जायचं, आणि काठावर पुन्हा पायऱ्या. त्या रात्री खिडकीतून नदीऐवजी शेजारच्या जहाजातली खोली दिसते. पडदा लावून झोपायचं.

नदीचं पाणीही भरवशाचं नाही. २०१८ आणि २०२२ मध्ये राईन जर्मनीतल्या काउबजवळ इतकी उतरली की जहाजवाहतूक विस्कळीत झाली. अशा वेळी अर्धा प्रवास बसने होतो. पाणी चढलं तर जहाज पुलाखालून जात नाही. उन्हाळ्याच्या शेवटी राईनवर जाणार असाल तर हे गृहीत धरा.

इजिप्तमधल्या नाईलवरच्या फेऱ्या कुटुंबाला सोयीच्या लांबीच्या आहेत: लक्झरहून असवान बहुधा चार रात्री, असवानहून लक्झर तीन. पण अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे जहाज बराच वेळ काठाला बांधलेलंच असतं. ज्यांना डेकवर बसून सरकता काठ बघत राहायचंय त्यांनी रोज किती तास जहाज प्रत्यक्ष चालतं हे आधी विचारावं. ज्यांना मंदिरं बघायची आहेत त्यांच्यासाठी हीच मांडणी उत्तम, एडफू आणि कोम ओम्बो वाटेवरच आहेत. उन्हाळ्यात असवानचं तापमान चाळिशीपार जातं, त्यामुळे उतरायचं ते पहाटेच.

व्हिएतनामच्या हालाँग उपसागरातली एक-दोन रात्रींची बोट हा तिसरा प्रकार. पाणी आडोशाचं, दृश्य अप्रतिम. एक रात्र म्हणजे मात्र चोवीस तासही नाहीत: दुपारी चढायचं, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत उतरायचं. गुहा आणि टी-टॉप बेटाचा माथा म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, माथ्यापर्यंत सुमारे चारशे. मुलं वर जातील आणि आई-बाबा खाली बसतील हे आधीच मान्य असेल तर ही बोट छान. वादळाचा इशारा आला की बोटी सोडत नाहीत, म्हणून तिथून परतीचं विमान त्याच दिवशीचं ठेवू नये.

आता मोठं समुद्री जहाज. दोन ते पाच हजार प्रवासी, लांबी तीनशे मीटरच्या घरात. केबिन पुढच्या टोकाला आणि जेवणघर मागच्या टोकाला आलं तर एका जेवणासाठी जाऊन-येऊन अर्धा किलोमीटर चालणं होतं. पण लिफ्ट सगळीकडे जाते, व्हीलचेअरच्या केबिन असतात आणि जहाज धक्क्याला लागलं की उतारावरून सरळ उतरता येतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हेच सोपं.

मोठ्या जहाजाचा खरा फायदा वेगळाच आहे. आई-बाबा साठीपुढचे आणि मुलं तिशीतली असली की दिवसभर एकमेकांच्या मागे फिरण्यात कोणालाच मजा येत नाही. मोठ्या जहाजावर सकाळी चार दिशांना चार जण जाऊ शकतात आणि रात्री एका टेबलावर भेटू शकतात. नदीच्या जहाजावर सहल तीच, माणसं तीच, संध्याकाळचा कोपराही तोच. ज्या घरात एकत्र बसून गप्पा रंगतात त्यांना ते आवडतं, ज्या घरात तिसऱ्या दिवशी खटके उडतात त्यांनी मोठंच जहाज घ्यावं. आपलं घर कुठल्या जातीचं, हे तुम्हाला माहीत असतंच.

बंदराच्या नावापुढचं बारीक अक्षर

फेरीच्या तक्त्यात बंदराच्या नावापुढे ‘टेंडर’ लिहिलंय का बघा. म्हणजे जहाज धक्क्याला लागणार नाही, बाहेर नांगर टाकेल आणि छोट्या बोटीतून काठावर नेलं जाईल. प्रत्यक्षात असं होतं: जहाजाच्या पोटातल्या दारापाशी एक फळी, तिच्यापलीकडे छोटी बोट हात-दीड हात वरखाली होतेय, दोन्ही बाजूंना खलाशी उभे. बोट वर आली की ते दंड धरून ‘आता’ म्हणतात आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचं. जो थबकतो तो अडखळतो. पाऊल स्वतः टाकता येत नसेल तर बऱ्याच जहाजांवर खाली सोडतच नाहीत, आणि समुद्र खवळलेला असेल तर बंदरच रद्द होतं. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर जुन्या बंदरात उतरवलं तर गावात जायला केबल कारची रांग, नाहीतर ५८०हून अधिक पायऱ्या. छोट्या फेरीत दोनच बंदरं असतात. दोन्ही टेंडरची निघाली तर आई-बाबांची क्रूझ जहाजावरच संपते.

केबिन: एक चौघांची की दोन दोघांच्या?

चौघांच्या केबिनमध्ये तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी लागतं, म्हणून मोह होतो. पण ते दोन पलंग छतातून उघडणारे, शिडीने चढायचे. बाथरूम एकच, आत उंबरा, आणि सकाळी उतरायच्या घाईत चार मोठी माणसं. दोन रात्री निभतात, चार नाही.

चांगली जोडी अशी: आई-बाबांना बाल्कनीची केबिन आणि समोरच, मार्गिकेपलीकडे, मुलांना बिनखिडकीची. मुलं तिथे फक्त झोपतात, चहाला सगळे बाल्कनीत. केबिनचा क्रमांक स्वतः निवडा. ‘कुठलीही देऊ’ या सवलतीच्या भाड्यात एक खोली पुढे आणि दुसरी मागे येऊ शकते, आणि मग संकटकाळी जमायची ठिकाणंही वेगळी पडतात. कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज २०१२ मध्ये इटलीजवळ बुडालं तेव्हा काही तासांपूर्वी चढलेल्या प्रवाशांची संकटकाळी जमायची कवायत झालेलीच नव्हती. आता जहाज निघण्याआधी किंवा निघताच ती घ्यावी लागते. त्या वेळी आई-बाबांना घेऊन केबिनपासून जमायच्या जागेपर्यंत जिन्याने एकदा जाऊन बघा, कारण खऱ्या प्रसंगात लिफ्ट वापरता येत नाही.

जागा निवडताना नकाशात वर-खाली काय आहे ते बघा. तलावाच्या डेकखालच्या केबिनमध्ये पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, नाट्यगृह किंवा नाचघराच्या शेजारी रात्रीचा, पुढच्या टोकाला खालच्या डेकवर नांगराच्या साखळीचा. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेला, खालच्या डेकचा मधला भाग सर्वांत शांत. तोच सर्वांत कमी हलतो. जहाजाचे स्टॅबिलायझर (पाण्याखाली दोन्ही बाजूंना असलेले पंख) आडवे हेलकावे कमी करतात, पुढून-मागून होणारी उचल-आपट नाही. ती टोकांना जास्त जाणवते.

बोट लागण्याची गोळी

गोळी निघण्याआधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट या बोट लागण्यावरच्या गोळ्यांनी झोप येते, तोल जातो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर या गोळ्या आणि कानामागची स्कोपोलामिनची पट्टी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पट्टीने वयस्कर माणसाला कधी भ्रम होतो, आणि घरच्यांना वाटतं जहाज मानवलं नाही.

पैसे आणि नियम

रोजच्या प्रति माणशी टिप, वाय-फाय, पेयं आणि बंदरातली सहल धरून दोन फेऱ्यांची तुलना करा, नुसत्या भाड्यावर नको. पेयांचा पास एकाने घेतला तर त्याच केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घ्यावा, असा अनेक कंपन्यांचा नियम आहे. मुलांची केबिन वेगळी ठेवण्याचं हे आणखी एक कारण. अमेरिकेतून निघणाऱ्या बऱ्याच जहाजांवर केबिनमध्ये निदान एक माणूस २१ वर्षांचा लागतो, म्हणून विशीच्या आतल्या दोन भावंडांना स्वतंत्र केबिन मिळेल असं धरू नका.

जहाज देशाबाहेर जाऊन परत त्याच देशात येत असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही. दोन केबिनची आरक्षणं एकमेकांना जोडून घ्यायला सांगा, नाहीतर जेवणाची टेबलं आणि वेळा वेगळ्या येतात. व्हीलचेअर आपली न्या किंवा भाड्याने ठरवा, जहाजावरची बहुतेक वेळा फक्त चढण्या-उतरण्यापुरती असते. जहाजावरचा दवाखाना पैसे घेतो, आणि विम्यात समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय का हे स्पष्ट विचारा. फोन बंदर सोडताच विमान मोडवर, कारण जहाजाचं मोबाइल नेटवर्क घरच्या पॅकमध्ये बहुधा नसतं.

औषधं चढतानाही हातातल्या पिशवीत आणि उतरतानाही. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट धक्क्यावरच मिळतात. बाबांचा गुडघ्याचा पट्टा, आईची सकाळची गोळी आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे बॅगेत गेले नाहीत ना, हे दार लावण्याआधी बघा.