पीडीएफ आली, पण पॉलिसी नव्हतीच

मी नाशिकला समुपदेशनाचं काम करते, जास्त करून जोडप्यांबरोबर. 2022 मध्ये एका ओळखीच्या विमा एजंटकडून प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी घेतली, म्हणजे कामातल्या चुकीबद्दल कुणी दावा केला तर त्याचा खर्च उचलणारा विमा. माणूस बोलायला गोड, आणि घरी येऊन आईचीही विचारपूस करायचा. पहिली दोन वर्षं सगळं रीतसर झालं, पॉलिसी खरी होती.

2024 मध्ये नूतनीकरणाच्या वेळी त्याने सांगितलं, "ताई, कंपनीची साइट बंद आहे, तारीख चुकायला नको. माझ्याच नंबरवर टाका, मी भरून घेतो." 6,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 7,080 रुपये मी पाठवले. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली. मी ती उघडली, नाव बघितलं आणि बंद केली.

जानेवारी 2025 मध्ये वकिलाची नोटीस आली. कुणाची ते सांगणार नाही. विषय 2023 मधल्या एका सत्राचा होता, गोपनीयता मोडल्याचा आरोप होता. मी घाबरले, तरी विमा आहे म्हणून धीर होता. कंपनीला मेल केला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: या कालावधीची पॉलिसी आमच्या नोंदीत नाही.

मग ती पीडीएफ मोठी करून पाहिली. पॉलिसी क्रमांक गेल्या वर्षीचाच होता. तारखेतले "2024" आणि "2025" हे आकडे बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड आणि अर्धा मिलिमीटर वर सरकलेले होते. नऊ महिने ती फाइल माझ्या फोनमध्ये होती.

मी म्हटलं, सत्र 2023 मधलं आहे, तेव्हाची पॉलिसी तर खरी होती ना? नाही चालत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून सविस्तर सांगते. या पॉलिसी "क्लेम्स-मेड" पद्धतीच्या असतात. चूक कधी झाली एवढंच बघत नाहीत, दावा ज्या दिवशी येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. शिवाय तिच्यात एक रेट्रोअॅक्टिव्ह तारीख असते, तिच्याआधीचं काम संरक्षणात धरत नाहीत. नूतनीकरण न तुटता होत राहिलं तर ती तारीख मागचीच राहते. एक वर्ष खंड पडला की साधारणपणे नवी पॉलिसी, नवी तारीख. त्याने 7,080 रुपये खाल्ले, पण माझ्या मागच्या सगळ्या सत्रांचं छत्रही त्यात गेलं. आपल्या कामात तर तक्रार उशिराच येते. सत्र आज होतं आणि घटस्फोटाचा खटला दोन वर्षांनी उभा राहतो.

विमा कायद्याप्रमाणे एजंटने घेतलेला हप्ता चोवीस तासांत कंपनीकडे पोहोचवायचा असतो. माझा पोहोचलाच नाही, आणि कंपनीची पावती मी कधी मागितली नव्हती. पोलिसांत तक्रार दिली आहे, विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही नोंदवली आहे. वकिलाची फी मी स्वतः भरते आहे.

तुमच्याकडे पॉलिसी असेल तर आजच कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक पीडीएफवरून घेऊ नका, कंपनीच्या साइटवरून घ्या. पॉलिसी क्रमांक सांगून ती चालू आहे का आणि रेट्रोअॅक्टिव्ह तारीख कोणती, हे दोन्ही विचारा. हप्ता फक्त कंपनीच्या खात्यात भरा.

मी नवी पॉलिसी घेतली. तिच्यावर रेट्रोअॅक्टिव्ह तारीख मार्च 2025 अशी छापली आहे.