कांद्याच्या बातम्या वेचताना: पीएचपीच्या सिंपलएक्सएमएलचा काही महिन्यांचा अनुभव

काम छोटंसं. मराठी बातम्यांची आरएसएस फीड, म्हणजे संकेतस्थळाने टॅग लावून एक्सएमएलमध्ये दिलेली बातम्यांची यादी, पीएचपी भाषेतल्या सिंपलएक्सएमएल या एक्सएमएल वाचणाऱ्या साधनाने वाचायची, त्यातल्या कांद्याच्या तेवढ्या बातम्या काढायच्या आणि आमच्या शेतकरी गटाच्या पानावर लावायच्या. गेल्या आठवड्यात ते पान सकाळी सकाळी कोरं दिसलं, म्हणून लिहायला बसलोय. एका मथळ्यात उघडं अँपरसँड (&) आलं होतं. एक्सएमएलला ते चालत नाही, त्यामुळे सिंपलएक्सएमएलने अख्खं फीड नाकारून फॉल्स, म्हणजे 'जमलं नाही' असं उत्तर, परत दिलं. एका चिन्हापायी सगळ्या बातम्या गेल्या! आता लोड करण्याआधी सुटी अँपरसँड रेगेक्सने (अक्षरांचा नमुना देऊन शोधायची पद्धत) दुरुस्त करून घेतो, आणि तरीही फॉल्स आलं तर आधी साठवलेली प्रत दाखवतो.

त्याआधीचा मनस्ताप होस्टिंगवाल्यांचा. शेअर्ड होस्टिंगवर 'अलाऊ यूआरएल एफओपन' ही बाहेरचे पत्ते उघडू देणारी सेटिंग बंद, त्यामुळे सिंपलएक्सएमएलच्या लोड-फाइलला बाहेरचा पत्ता उघडता येईना. सपोर्टवाल्यांचं एकच पालुपद: वरचा प्लॅन घ्या. कशाला? त्याच प्लॅनवर कर्ल, म्हणजे इंटरनेटवरून मजकूर आणणारं साधन, चालू होतं. कर्लने फीड आणायचं आणि तो मजकूर सिंपलएक्सएमएलच्याच लोड-स्ट्रिंगला द्यायचा, एक रुपयाही जास्त लागत नाही. हे त्यांनी पहिल्याच उत्तरात सांगायला हवं होतं.

सुरुवातीला सिंपलएक्सएमएलबद्दल माझं मत वाईटच होतं. वर्डप्रेसच्या फीडमध्ये पूर्ण बातमी 'कंटेंट:एन्कोडेड' टॅगमध्ये येते, आणि प्रिंट-आरने हाती आलेलं सगळं छापून पाहिलं तर तो टॅग दिसतच नाही. सीडेटात, म्हणजे जसाच्या तसा ठेवायच्या मजकुराच्या वेष्टनात, असलेलं डिस्क्रिप्शनही (बातमीचं वर्णन) रिकामं दिसतं. मजकूर मात्र जागेवर असतो. डिस्क्रिप्शन स्ट्रिंगमध्ये कास्ट केलं, म्हणजे साध्या मजकुरात बदलून घेतलं, की येतं, आणि नेमस्पेसचा ('कंटेंट' या टॅगगटाचा) पत्ता देऊन 'चिल्ड्रन', म्हणजे आतले टॅग, मागवलं की एन्कोडेड हाती लागतं. एवढं जमल्यावर मत पालटलं. २००४ च्या पीएचपी ५ पासून हे सोबतच मिळतं, वेगळी लायब्ररी नको की लायसन्स नको.

पण शोधाचं काय? एक्सपाथने, म्हणजे एक्सएमएलमध्ये शोधायच्या भाषेने, मथळ्यात 'कांदा' शोधणं एका ओळीचं काम. आपला मथळा मात्र 'कांदा'वर थांबत नाही. 'लासलगावात कांद्याची आवक घटली' यात 'कांदा' ही अक्षरं सलग नाहीतच. सामान्यरूप झालं की बातमी निसटते, आणि भावाच्या बातम्यांत कांद्याला, कांद्याचे हीच रूपं जास्त. बरं, नुसतं 'कांद' शोधावं तर कांदिवलीतली वाहतूक कोंडी आणि कांदळवनाची जमीन शेतकऱ्यांच्या पानावर येऊन बसते. सिंपलएक्सएमएलच्या एक्सपाथमध्ये रेगेक्स नाही, ही उणीव मला सगळ्यात जास्त बोचते. शेवटी प्रत्येक मथळा प्रेग-मॅच या पीएचपीच्या रेगेक्स तपासणीतून काढायला लागलो: 'कांद'नंतर काना, एक मात्रा किंवा जोडलेला 'य' असेल तरच घ्यायचा. कांदा, कांदे, कांद्या तिन्ही सापडतात, कांदिवली गळते.

पाचपैकी चार तारे. आता गटातले टोमॅटोची यादी मागतायत. टोमॅटोला, टोमॅटोचे, शब्द कुठेच बदलत नाही, तिथे एक्सपाथची एक ओळ पुरते. काहीजण 'टॉमेटो' लिहितात, तेवढा एक 'ऑर' (किंवा) जोडलाय.