फोर बाय फोर ट्रॅक्टर: मागचं टायर मोठं घ्यायचं की कंपनीचीच जोडी ठेवायची?

इंदूरजवळ सांवेर, देपालपूर, महूकडे ज्यांची शेती आहे ते सोयाबीनच्या आधी हमखास विचारतात, की मागचे १४.९-२८ (टायर १४.९ इंच रुंद, रिम २८ इंचाची) घासलेत, दुकानदार म्हणतोय थोडे पैसे वाढवून १६.९-२८ टाका, काळ्या मातीत पकड चांगली येईल. टू व्हील असेल तर रिमची रुंदी आणि मडगार्डची जागा बघा आणि घ्या. पण फोर बाय फोरला असं एकट्या मागच्याचं ठरवता येत नाही.

कारण फोर बाय फोर टाकलं की पुढचा-मागचा एक्सल गियरने बांधला जातो, आणि पुढची चाकं मागच्यापेक्षा साधारण १ ते ५ टक्के जास्त पळायला हवीत तरच ती ओढतात, यालाच लीड म्हणतात. उदाहरणार्थ रेशो १.५ धरा, म्हणजे मागचं चाक एकदा फिरलं की पुढचं दीडदा फिरतं, पुढच्या चाकाचा एक फेरा २७६ सेंमी, मागच्याचा ४०५. २७६ गुणिले १.५ म्हणजे ४१४, लीड २.२ टक्के, एकदम बरोबर. मागे १६.९ लावलं की फेरा ४२५ च्या आसपास जातो आणि लीड उणे अडीच टक्के होते, म्हणजे पुढची चाकं ओढायचं सोडून मागच्यांना अडवत बसतात, टायर घासतात आणि एक्सलच्या गियरवर ताण येतो तो वेगळाच. उलट मागे १३.६-२८ टाकलं तर लीड ५ च्या वर जाते, तेही नको.

पकड खरंच हवी असेल तर पुढची-मागची जोडी मिळूनच बदला, खर्च चार टायरचा, कधी रिमचाही, आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून पुढचं टायर कुठे घासत नाही ना ते बघा. पण सोयाबीनच्या ओळी ४५ सेंमीवर असतील तर १६.९ म्हणजे जवळजवळ ४३ सेंमीचं टायर, कोळपणीला पिकावरच चढेल. माझं मत विचाराल तर आपल्याकडे कंपनीचीच साईज ठेवा.

फक्त एक गोष्ट लोक विसरतात. साईज तीच ठेवून मागचे नवे घेतले आणि पुढचे झिजलेले राहू दिले तरी लीड जाते, कारण पुढच्या टायरचे लग (वरचे रबरी उंचवटे) २ सेंमी झिजले की फेरा १२ सेंमीने कमी होतो, म्हणजे चार टक्क्यांच्या वर. म्हणून खरेदीआधी मोजा: चारही टायरची हवा नीट करा, चाकांवर खडूची खूण करा, शेतात फोर बाय फोर टाकून मागचं चाक १० फेरे होईस्तोवर पुढचे फेरे मोजा, मग सपाट कडक जागेवर फोर बाय फोर काढून परत तसंच. पहिला आकडा १५ आणि दुसरा १४.७ आला तर लीड २ टक्के. दुसरा पहिल्यापेक्षा जास्त आला तर नुसते मागचे बदलून भागणार नाही, पुढचेही घ्यावे लागतील.