सुळे छापलेले माउथगार्ड: हसत हसत घातले जाणारे संरक्षण

आइस हॉकी, रग्बी, मुष्टियुद्ध अशा अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांसाठी मिळणाऱ्या माउथगार्डांमध्ये एक गमतीदार प्रकार असतो. त्याच्या दर्शनी भागावर वाघाचे सुळे किंवा मधले दोन दात गायब असलेली बत्तीशी छापलेली असते, आणि ते गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवून घ्यायचे असते. माझी मुलगी आइस हॉकी खेळताना असेच सुळ्यांचे माउथगार्ड वापरते. तिचे आधीचे साधे, पारदर्शक माउथगार्ड तोंडापेक्षा हातमोज्यातच जास्त असे. हे मात्र ती आपणहून घालते. या वस्तूची पहिली आणि सर्वांत मोठी गुणवत्ता मला हीच वाटते, कारण न घातलेले माउथगार्ड कितीही उत्तम असले तरी त्याने एकही दात वाचत नाही.

आइस हॉकीतल्या विनोदाला दात लागतातच. १९७४ मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्स या संघाने एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा स्टॅन्ली कप जिंकला, तेव्हा त्यांचा कर्णधार बॉबी क्लार्क याचे समोरचे दात नसलेले दिलखुलास हसू त्या विजयाची ओळख बनले. दांडगाईमुळे ‘ब्रॉड स्ट्रीट बुलीज’ हे नाव मिळवलेल्या संघाला ते शोभूनही दिसले. या खेळाने मारामारीलाही विनोदाच्या वहीत मानाची जागा दिली आहे. एकाच सामन्यात एक गोल, एक असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलसाठी दिलेला पास) आणि एक मारामारी केली की त्याला ‘गॉर्डी हाउ हॅट्ट्रिक’ म्हणतात, आणि खरी गंमत अशी की ज्याच्या नावाने ती ओळखली जाते, त्या हाउ यांच्या स्वतःच्या दीर्घ एनएचएल कारकिर्दीत अशी हॅट्ट्रिक फक्त २ वेळा नोंदली गेली आहे. मारामारीबद्दल ५ मिनिटांची मोठी शिक्षा देऊन खेळाडूला पेनल्टी बॉक्समध्ये बसवणारा आणि नंतर पुन्हा बर्फावर येऊ देणारा एनएचएलचा नियम नवख्या प्रेक्षकाला आधी चक्रावून टाकतो आणि मग हसवतो.

या विनोदांमुळे एक समज मात्र पक्का होतो, की आइस हॉकीत दात ठोशांनी पडतात. प्रत्यक्षात मोठा धोका पक आणि स्टिक यांचा असतो. पक म्हणजे ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची, १५६ ते १७० ग्रॅम वजनाची कडक रबराची चकती. २०१० च्या प्लेऑफमध्ये (साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये) सॅन होजे शार्क्सविरुद्धच्या सामन्यात शिकागो ब्लॅकहॉक्सच्या डंकन कीथच्या तोंडावर पक आदळला आणि त्याचे ७ दात गेले; तो त्याच सामन्यात परत खेळायला आला आणि त्या वर्षीचा स्टॅन्ली कपही त्याच्या संघाने जिंकला. ही गोष्ट संघात हसत हसत सांगितली जाते, आणि सांगायलाही हवी, कारण तिच्यात जिद्द आहे. मात्र ऐकणाऱ्या मुलांच्या तोंडात त्या वेळी माउथगार्ड असावे, एवढीच माझी इच्छा आहे.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. हे माउथगार्ड ईव्हीए नावाच्या लवचीक प्लास्टिकचे आहे आणि वरच्या दातांवर बसते. पाकिटावर सांगितलेल्या वेळेइतकेच ते गरम पाण्यात ठेवावे, बाहेर काढून क्षणभर निववावे, मग दातांवर ठेवून घट्ट चावावे आणि बोटांनी ओठ व गाल बाहेरून दाबत राहावे. या दाबण्यात आळस केला तर ते सैल बसते, बोलताना खाली घसरते आणि खेळाडू ते चघळू लागतो. चघळलेले माउथगार्ड लवकर पातळ होते. नीट बसवलेले असले तर श्वास मोकळा राहतो आणि सहकाऱ्याला दिलेली हाक स्पष्ट ऐकू जाते. दातांना तारा लावलेल्या मुलांसाठी हा प्रकार योग्य नाही. त्यांनी दंतवैद्याचा सल्ला घेऊन वेगळे माउथगार्ड घ्यावे.

छपाई चांगली आहे, पण कडेचा रंग चावण्याने उडू लागतो. दोन चित्रांपैकी मी सुळ्यांचेच सुचवेन. पडलेल्या दातांचे चित्र अधिक विनोदी आहे हे खरे, तरी खेळाडू पडल्यावर धावत आलेल्या प्रशिक्षकाला तोंडात खरोखर काय झाले आहे हे पटकन कळले पाहिजे, आणि तिथे ते चित्र अडचणीचे ठरू शकते. सुळ्यांचा आणखी एक परिणाम मला फार आवडला. फेस-ऑफच्या वेळी, म्हणजे दोघींच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू होताना, हेल्मेटच्या जाळीमागून मुलगी दात विचकते, समोरचीही हसते आणि पुढच्या क्षणी दोघी पकसाठी पूर्ण ताकदीने भिडतात. त्या भिडण्यात जोर असतो, राग नसतो.

माउथगार्डमुळे मेंदूला बसणारा हादरा टळतो, असा दावा काही उत्पादक करतात. त्यावर विसंबून खरेदी करू नये, कारण दात, ओठ आणि हिरड्या यांच्या रक्षणाबाबत जो भरवसा देता येतो, तो या बाबतीत देता येत नाही. थेट तोंडावर आलेल्या पकसाठी हेल्मेटची जाळीच हवी. माउथगार्ड तिच्या जोडीला असते, तिच्या ऐवजी नव्हे.

खेळानंतर ते गार पाण्याने धुऊन, भोके असलेल्या डबीत सुकवावे. उन्हात तापलेल्या गाडीत राहिले तर त्याचा आकार बिघडतो. मुलांचे दात आणि जबडा वाढत असल्याने ते प्रत्येक मोसमाच्या सुरुवातीला बसवून तपासावे आणि सैल वाटले तर नवे घ्यावे. प्रौढ स्पर्धात्मक खेळाडूंनी दंतवैद्याकडून मापाचे करून घेणे अधिक चांगले. वाढत्या वयाच्या, माउथगार्ड टाळणाऱ्या मुलामुलींसाठी मात्र मी हेच निवडेन.